भीती वाटत नाही, कारण तुझ्या पोरांना भीड वाटत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी डोंबिवलीचा, वय २४. पहिली थरारकादंबरी लिहून पुरी केली, सत्तर हजार शब्द झालेत. मुंबईतले पाच मित्रमैत्रिणी ऑगस्टमध्ये खांडसमार्गे भीमाशंकरला निघतात, वाटेत त्यांना एक माणूस भेटतो आणि मग एकेक जण नाहीसा होऊ लागतो. खुनी कोण ते शेवटच्या प्रकरणात कळतं. तिघांना वाचायला दिली. तिघंही म्हणाले, छान आहे पण भीती वाटत नाही. रक्तपात वाढवू का? की शेवटचा धक्का आणखी मोठा हवा?"

रक्तपात वाढवू नकोस. आहे त्यातलाही निम्मा काढावा लागेल. मी सव्वीस वर्षं दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा आणि थरारकथा लिहितेय, आणि त्याच्या दसपट दुसऱ्यांच्या वाचल्या आहेत, संपादल्या आहेत. तुझी कादंबरी वाचली, पहिली तीन प्रकरणं दोनदा. तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरीवर येते.

दुसऱ्या प्रकरणात तुझ्या पाच जणांना कर्जत स्टेशनबाहेर जीपवाला भेटतो. त्याच्या गालावर व्रण आहे, "डोळ्यांत विचित्र चमक" आहे, तो कारण नसताना हसतो. सईच्या अंगावर काटा येतो. आणि पुढच्याच ओळीत पाचही जण त्याच्या जीपमध्ये बसतात. वाचक तिथेच तुझा हात सोडतो. "अरे, मग बसता कशाला?" असं तो एकदा मनात म्हणाला की पुढे त्यांचं काहीही होवो, त्याला फरक पडत नाही. मूर्खांच्या मरणाचं वाईट वाटतं, पण भीती वाटत नाही. मीही तिथे असते तर हेच केलं असतं, असं वाटलं तरच माणूस रात्री पुस्तक मिटून दाराची कडी तपासतो.

आपल्याकडे म्हण आहे, भीड ही भिकेची बहीण. तरुण प्रवाशांवरच्या थरारकथेचं सगळं इंजिन त्या एका शब्दात आहे. चांगल्या घरातली पोरं संकटात सापडतात ती धाडसामुळे कमी आणि संकोचामुळे जास्त. समोरच्याला वाईट वाटेल, आपण उद्धट दिसू, बाकीचे हसतील, एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करायचा, या चार विचारांनी पाय एकेक इंच पुढे सरकतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. १९९४ च्या जुलैमध्ये मी आणि माझी मैत्रीण, दोघी गिरगावातल्या, गुहागरला निघालो होतो. चिपळूणला पोचेपर्यंत अंधार पडला आणि शेवटची एसटी गेलेली. स्टँडवर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ म्हणाले, "मी तिकडेच चाललोय, सोडतो की." जीप होती. बोलणं सभ्य, कपाळाला गंध. अर्ध्या वाटेवर त्यांनी काही न बोलता मोठा रस्ता सोडला आणि गाडी कच्च्या वाटेला घातली. दोन्ही बाजूंना झाडी, वर पाऊस, वायपर एकच चालू. मैत्रिणीने माझं मनगट धरलं आणि तिची नखं रुतत गेली. वीस मिनिटं आम्ही दोघी गप्प बसलो होतो. "काका, इकडे कुठे?" हे तीन शब्द दोघींपैकी एकीच्याही तोंडून फुटले नाहीत. शेवटी ते एका घरापाशी थांबले, आईची औषधं देऊन आले, आणि आम्हाला गुहागरला थेट दारात सोडून गेले. झालं काहीच नाही. पण त्या वीस मिनिटांत आम्हाला मरण चालणार होतं आणि उद्धट ठरणं चालणार नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी समुद्रावर बसल्यावर कळलं आणि तेव्हा खरी कापरं भरली. मनगटावरचे चार चंद्रकोरी वळ आठवडाभर होते. मी लिहायला लागले ती त्यानंतर.

आता खऱ्या गुन्हेगाराकडे बघ. चार्ल्स शोभराजबद्दल तुला ठाऊक असेलच. सत्तरच्या दशकात आशियातून भटकणारे तरुण परदेशी प्रवासी हे त्याचं सावज. त्याच्या गालावर व्रण नव्हता. तो मदत करायचा. अनोळखी शहरात राहायला जागा, जेवण, रत्नांच्या व्यवहारातला सल्ला, आणि पोट बिघडलं तर औषध. पोट बिघडवलेलं असायचं त्यानेच, आणि शुश्रूषाही त्याचीच. आजारी माणूस त्याच्यावरच अवलंबून राहायचा. जुलै १९७६ मध्ये दिल्लीच्या हॉटेलात त्याने फ्रेंच विद्यार्थ्यांच्या आख्ख्या गटाला जुलाबाचं औषध म्हणून गोळ्या दिल्या. गुंगी अंदाजापेक्षा लवकर चढली, पोरं तिथल्या तिथे कोसळू लागली आणि शुद्धीवर असलेल्यांनी त्याला धरलं. गोळ्या घेताना त्या पोरांच्या मनात काय आलं असेल ते लिहून काढ. एवढा चांगला माणूस आपल्यासाठी औषध घेऊन आलाय, नाही कसं म्हणायचं. मार्च १९८६ मध्ये तो तिहारमधून पळाला तेव्हाही पहारेकऱ्यांना त्याने दिली ती वाढदिवसाची मिठाई. पुढच्याच महिन्यात गोव्यात, पर्वरीच्या एका हॉटेलात त्याला पकडलं ते आपल्या मुंबई पोलिसांतल्या मधुकर झेंडे यांनी, ज्यांनी १९७१ मध्येही त्याला मुंबईत धरलं होतं. २००४ मध्ये नेपाळच्या न्यायालयाने त्याला खुनासाठी जन्मठेप दिली, २०२२ च्या डिसेंबरात तो सुटला. बाकी सगळं विसर, पण त्या औषधाच्या गोळ्या विसरू नकोस.

तेव्हा जीपवाल्याचा व्रण पुसून टाक. त्याला पन्नाशीचा कर, हातात रेक्झिनची पिशवी दे, पिशवीतून बेलाची पानं डोकावू देत. मी हा प्रसंग असा लिहिला असता. पहाटे साडेचार, कर्जतचा फलाट. रात्रीच्या शेवटच्या लोकलने आलेली पाचही जणं सॅक उशाला घेऊन पडलीत. ओंकार चहा घ्यायला गेलाय. पाच चहा, साठ रुपये. फोनवर पैसे जात नाहीयेत, ते चाक गोल गोल फिरतंय, आणि पाचशेच्या नोटेला चहावाल्याकडे सुट्टे नाहीत. मागे रांग, कोणीतरी "चल ना भावा" म्हणतंय. तो माणूस हात पुढे करतो. "राहू दे रे, मी देतो. देवाला चाललात ना? मग झालं." ओंकार म्हणतो, "थँक्यू काका."

इथे थांब आणि "काका" या शब्दाकडे बघ. मुंबईत आपण कोणालाही अर्ध्या मिनिटात काका करून टाकतो. रिक्षावाला काका, वॉचमन काका, फोर्थ सीटवर सरकून जागा देणारे काका. शब्द तोंडातून निघाला की तो माणूस घरचा झाला, आणि घरच्या वडीलधाऱ्यावर संशय घेणं म्हणजे पाप. मराठी थरारकथेला हे शस्त्र फुकट मिळालंय. तुझ्या कादंबरीत "काका" तिसऱ्या पानावर येऊ दे आणि शेवटपर्यंत कोणीही त्याला दुसऱ्या नावाने हाक मारू नये. त्याचं नाव पोरांना कधी कळलंच नव्हतं, हे पोलिसांनी विचारल्यावर लक्षात येऊ दे.

मुंबईकराची आणखी एक खोड तुझ्या उपयोगाची आहे. डोंबिवलीची ८.२० पकडणारा माणूस अनोळखी हातात बॅग सोपवतो, रॅकवर ठेवायला. ती बॅग कुठेही जात नाही, कारण डब्यात दोनशे डोळे असतात. आपला विश्वास माणसावर नसतो, गर्दीवर असतो, पण आपल्याला वाटतं आपण माणसं ओळखतो. गर्दी मागे राहिल्यावर तोच विश्वास सॅकमध्ये घालून ही पोरं डोंगरात घेऊन जातात.

आता वाट. खांडसहून भीमाशंकरला दोन वाटा आहेत हे तू लिहिलंयस, पण वापरलेलं नाहीस. शिडी घाट जवळचा, लोखंडी शिड्यांचा, पावसात निसरडा. गणेश घाट लांबचा पण सोपा. तुझ्या मसुद्यात खलनायक त्यांना शिडी घाटाने नेतो. उलट कर. पोरांना शिडी घाटाचीच खुमखुमी आहे, आणि काका सांगतात, "नको रे बाळांनो, ओलं आहे, गणेश घाटाने या. तास जास्त लागेल, पण हाडं शाबूत राहतील." सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. वाटेत शिडी घाटाने आलेला दुसरा ग्रुप भेटू दे, त्यातल्या एकाचा गुडघा फुटलेला. काकांचं म्हणणं खरं ठरलं. त्याच्या पहिल्या तीन मदती खऱ्या, उपयोगी आणि निरपेक्ष असल्या पाहिजेत. चौथ्या वेळी तो जे सांगेल ते तपासायची कोणाची छाती होणार नाही.

चौथी वेळ पठारावर, दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात तिथे. धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. काका म्हणतात, "पुढची वाट वाहून गेलीय, मला आतली माहितीये." तेवढ्यात धुक्यातून तीन बायका उतरून येतात, त्याच "वाहून गेलेल्या" वाटेने. साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या, हातात प्रसादाची पुडी. "चला, चला, दर्शन छान होतंय," म्हणून निघून जातात. सईने पाहिलं. तिने निनादकडे पाहिलं. निनाद ओंकारकडे बघत होता. ओंकार फोनकडे.

या क्षणामागे एक प्रयोग आहे, तो तुला माहीत हवा. १९६८ मध्ये अमेरिकेत लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. एकटा बसलेला विद्यार्थी असेल तर ७५ टक्के जणांनी उठून बाहेर जाऊन सांगितलं. सोबत दोन माणसं ठेवली होती, धुराकडे लक्ष न देता लिहीत राहणारी, तेव्हा फक्त १० टक्के उठले. बाकीचे खोकत होते, डोळे चोळत होते, हाताने धूर बाजूला सारत फॉर्म भरत होते. नंतर विचारलं तर कोणी म्हणालं वाफ असेल, कोणी म्हणालं खरं बोलायला लावणारा वायू असेल. आग असेल असं मात्र त्यांनी मनाला समजू दिलं नव्हतं. एकटी सई परत फिरली असती. पाच जणांत सई पुढे चालते. "ग्रुपने गेलं की सुरक्षित," असं आपण पोरांना सांगतो, आणि तुझी कादंबरी नेमकी त्या वाक्याला हात घालू शकते.

सईला गप्प ठेवू नकोस मात्र. ती बोलते. हळूच म्हणते, "त्या बायका तर इकडूनच आल्या." आणि निनाद दबक्या आवाजात म्हणतो, "अगं, काका ऐकतील ना!" तुझ्या सत्तर हजार शब्दांत रक्ताचं डबकं नऊ वेळा आलंय, मी मोजलं. या चार शब्दांनी जे होईल ते त्या नऊ डबक्यांनी मिळून झालेलं नाही.

फोनचं तू सगळ्यांसारखंच केलंयस, रेंज गेली. वाचक हे आता पन्नासदा वाचून चुकलाय. माझं ऐक, रेंज राहू दे. सईने घरी सांगितलंय की कॉलेजचा निसर्गशिबिराचा चाळीस जणांचा ग्रुप आहे, सोबत मॅडम आहेत. दर दोन तासांनी ती आईला मेसेज टाकते. "पोचलो. जेवलो. मॅडम खूप छान आहेत." आई लगेच उत्तर देते, "स्वेटर घाल." धोका कळल्यावर आईला फोन करायचा म्हणजे आधी दोन दिवसांचं खोटं कबूल करायचं. तिचा अंगठा नावावर थांबतो, आणि ती अजून अर्धा तास वाट बघायचं ठरवते. डोंगर जे करू शकत नाही ते तिचं स्वतःचं खोटं करतं. तो न केलेला फोन हा तुझ्या मध्यंतराचा प्रसंग आहे. त्याला निदान सहा पानं दे.

स्थळाबद्दल मला राग आला, हे सांगून टाकते. तुझ्या कादंबरीत ऑगस्टच्या मध्यात भीमाशंकरचा माथा निर्मनुष्य आहे. अरे, ज्योतिर्लिंग आहे ते! श्रावणात तिथे मुंगीला वाट मिळत नाही. तू स्वतः एकदा श्रावणी सोमवारी जाऊन ये. आणि गर्दी असणं तुझ्या फायद्याचं आहे. रात्रभर जंगलात जीव मुठीत धरून काढलेली मुलगी पहाटे वर पोचते आणि समोर हजारो माणसांची रांग, घंटा, पेढ्यांची दुकानं, कडेवरची पोरं. मागे चार पावलांवर काका, पिशवीतून बेल काढताहेत. ती कोणाला काय सांगणार? या माणसाने आमच्या चहाचे पैसे दिले? निर्जन गडावर किंकाळी फोडता येते. रांगेत उभं राहून किंकाळी फोडायला किती बळ लागतं, हे तुला लिहून दाखवता आलं तर कादंबरी जिंकलीस. रात्रीच्या प्रसंगासाठी त्या जंगलाची एक खरी गोष्टही घे. पावसाळ्यात तिथल्या कुजलेल्या लाकडावरची बुरशी अंधारात फिकट हिरवी चमकते. सई त्या उजेडाला वस्ती समजून त्याच्याकडे चालत गेली तर?

गावकऱ्यांना सोड. तुझ्या मसुद्यात "गूढ हसणारा आदिवासी" आणि "मंत्र पुटपुटणारी म्हातारी" आहेत, ते दोघे आजच काढ. मुंबईची पोरं वाट चुकली की रात्री बॅटरी आणि दोर घेऊन तीच माणसं दरीत उतरतात. त्यांना भुतं करून लिहिणं अन्यायाचं आहे. खलनायक शहरातून येऊ दे, आपल्यातलाच, आपल्यासारखंच बोलणारा. तसंच त्याला शेवटी "दुभंग व्यक्तिमत्त्व" देऊन मोकळा झालायस. मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता जास्त असते. घरात असा आजार सांभाळणारी एखादी आई तुझी कादंबरी वाचेल, तिचा विचार कर. शिवाय हे कथेलाही मारक आहे. त्याला वेड लागलंय म्हटलं की त्याच्या प्रत्येक कृतीमागचं कारण संपतं. त्याला पोरांनी ऐकलेलं आवडतं, बस. आपल्यावाचून त्यांचं अडावं असं त्याला वाटतं, आणि ती परत फिरायचं म्हणाली की तो बिथरतो. अशी माणसं तू ऑफिसात आणि नात्यात पाहिली असशील.

मग खुनी कधी उघड करायचा? पहिल्या एकतृतीयांश भागातच. कोणी केलं हे शेवटपर्यंत झाकून ठेवायचं ते रहस्यकथेत, आणि तो वेगळा धंदा आहे, त्यात वाचक कोडं सोडवत बसतो. तुझ्या कथेत वाचकाला आधी कळलं पाहिजे आणि पोरांना उशिरा. काका रात्री टपरीच्या मागे उभे राहून निनादच्या बाटलीचं झाकण पुसून पुन्हा घट्ट लावताहेत, एवढंच वाचकाला दाखव. त्यानंतर निनाद जितक्या वेळा बाटलीला हात लावेल तितक्या वेळा वाचकाचा श्वास अडकेल. नेहमीचं जेवण, नेहमीची थट्टा, "काका तुम्ही ग्रेट आहात" हे सगळं विषारी होऊन जाईल, आणि तुला नवीन काही घडवावंही लागणार नाही.

पोलिसांची बाजू झटपट सांगते, कारण ती दुरुस्त करायला सोपी आहे. "२४ तास झाल्याशिवाय बेपत्ता असल्याची तक्रार घेत नाही" हे सिनेमातलं वाक्य आहे, तसा नियम नाही. खांडस रायगड जिल्ह्यात, भीमाशंकर पुणे जिल्ह्यात, आणि सईची आई ठाणे जिल्ह्यात, डोंबिवलीत. गुन्हा कुठेही घडलेला असो, ती घराजवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवू शकते, मग तो संबंधित ठाण्याकडे जातो. तीन जिल्ह्यांतल्या फोनाफोनीत जाणारे तास तुला आयते मिळताहेत, ते वापर. तुझी कथा २०२५ मध्ये घडते आणि इन्स्पेक्टर "तीनशे दोन" म्हणतोय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात खुनाचं कलम १०३. जुना हवालदार सवयीने तीनशे दोन म्हणेल, ते शोभेल, पण कागदावर १०३ हवं. फलाटावर घडलेलं सगळं लोहमार्ग पोलिसांच्या हद्दीत येतं, हेही लक्षात ठेव. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला आणि दोन सेकंदांत माणूस आडवा, हे खरं नाही. काही मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात माणूस झटापट करतो.

वाचलेल्यांचे जबाब एकसारखे लिहू नकोस. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी आठवू देत. ओंकार शपथेवर सांगेल की चहाचे पैसे त्यानेच दिले होते. तो खोटं बोलत नसेल. इतक्या वेळा मनात घोळवल्यावर त्याला तसंच आठवत असेल, कारण दुसरं आठवून त्याला जगता येणार नाही.

सगळी कादंबरी एकदम उघडून बसू नकोस. नऊ डबकी बाजूच्या फाइलमध्ये काढून ठेव, लगेच पुसू नकोस, जीव तुटतो. आधी फक्त कर्जतच्या फलाटावरचा चहा लिही, चार पानं, आणि तेवढाच मला पाठव. चहावाला, ते फिरणारं चाक, मागची रांग, साठ रुपये. त्यात कुठेही "भीती", "अंधार", "विचित्र" हे शब्द येऊ देऊ नकोस. ओंकार "थँक्यू काका" म्हणतो तिथे माझ्या हातातला कागद थरथरला, तर पुढचं प्रकरण घेऊ.